परदेशी गेलात तरी घराशी बोलणे तुटू देऊ नका



आपल्या गावागावांतली माणसे आता परदेश पाहून येऊ लागली आहेत. कोणी अभ्यास दौऱ्याला जातो, कोणी नोकरीनिमित्त तिकडे राहिलेल्या मुलाकडे किंवा लेकीकडे जातो. पासपोर्ट, व्हिसा, गरम कपडे, चटण्या आणि लाडू यांची तयारी महिनाभर चालते. फोनची तयारी मात्र ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणून राहून जाते. ती राहिली म्हणजे काय होते, हे मी जवळून पाहिले आहे. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

२०२३ च्या एप्रिलमध्ये आम्ही १२ जण स्वखर्चाने हॉलंडला गेलो होतो. मुक्काम ॲमस्टरडॅम शहरात होता. जवळच आल्समीर येथे फुलांचा प्रचंड मोठा लिलाव भरतो. तिथे भाव वरून खाली उतरत येतो आणि जो पहिल्यांदा बटण दाबेल त्याचा माल होतो. ते पाहावे, काचघरातली शेती पाहावी, हा हेतू. आमच्यात सांगली जिल्ह्यातले एक द्राक्ष बागायतदार होते. वयाने मोठे, म्हणून सगळे त्यांना तात्या म्हणत. तात्यांना कोणीतरी सांगितले होते, की परदेशात फोन चालू ठेवला तर हजारोंचे बिल येते. तेव्हा त्यांनी मुंबईच्या विमानतळावरच फोनचे नेट बंद केले. परदेशात चालण्याचे रिचार्जही मारले नव्हते. फोन खिशात होता, पण फोटो काढण्यापुरताच.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही ट्राममधून निघालो. ट्राम म्हणजे रस्त्यातल्या रुळांवरून धावणारी गाडी. गर्दीत तात्या एक थांबा आधीच उतरले आणि दारे मिटली. आम्ही पुढे, तात्या मागे. हॉटेलचे नाव त्यांना सांगता येईना, कारण ते डच भाषेतले. आम्ही फोन लावतोय, तो लागत नाही. पुढच्या थांब्यावरून मागे आलो तोवर तात्या आम्हाला शोधत कालव्याच्या कडेने दुसरीकडेच गेले होते. त्या शहरातले कालवे आणि पूल अनोळखी माणसाला सगळे सारखेच दिसतात.

दीड तासाने माझ्या फोनवर तात्यांचा व्हॉट्सॲप संदेश आला आणि सोबत नकाशावरची खूण. झाले होते असे, की एका किराणा दुकानातल्या बाईंनी त्यांना हिंदीत स्वतःशी पुटपुटताना ऐकले. त्या मूळच्या सुरीनाम देशातल्या. १८७३ पासून आपल्या देशातले मजूर जहाजांतून तिकडे नेले गेले आणि १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांचे पुष्कळ वंशज हॉलंडला येऊन राहिले. त्यांची घरची बोली भोजपुरीच्या जवळची. बाईंनी तात्यांना खुर्ची दिली, दुकानाचे वाय-फाय फोनला जोडून दिले आणि ‘लोकेशन’ कसे पाठवायचे ते दाखवले.

वाय-फाय जोडताच घरून आलेले संदेश धडाधड उतरले. इकडे सकाळचे ११ वाजले होते, म्हणजे आपल्याकडे दुपारचे अडीच. गावाकडे आभाळ भरून आले होते आणि शेडवर बेदाणा वाळत होता. वहिनींनी आधी साधे फोन लावले, ते लागले नाहीत. मग लिहिले, ‘अहो, पाऊस येतोय, ताडपत्री कमी पडतेय, काय करू?’ पुढचा संदेश फक्त ‘कुठे आहात?’ एवढाच.

पावसात भिजला की बेदाणा काळा पडतो आणि भाव जातो, हे आपणांस सांगायला नको. वहिनींनी वाट पाहिली नाही. पुतण्याला बोलावले, शेजारच्या शेडवरून ताडपत्र्या आणल्या आणि माल झाकला. पण दुसरी अडचण त्यांच्याही हातची नव्हती. मजुरांचा आठवड्याचा पगार द्यायचा होता, पैसे तात्यांच्या खात्यात होते आणि ते काढायला लागणारा ओटीपी तात्यांच्या बंद फोनवर जात होता. शेवटी त्यांनी शेजाऱ्यांकडून उसने घेतले. मोसमाच्या भरात, खात्यात पैसे असताना!

वाचकहो, यात चूक तात्यांच्या घाबरण्याची नव्हती. बिलाची भीती खोटी नाही. आमच्यातल्याच एका गृहस्थांना आधीच्या दौऱ्यात तसे बिल आले होते. पॅक न घेता त्यांचे नेट चालू राहिले आणि फोन आपोआप फोटो वर चढवत बसला. म्हणजे एकाने नळ उघडा टाकला, तर दुसऱ्याने विहीरच बुजवली. यातला मधला रस्ता सोपा आहे आणि तो घरून निघण्यापूर्वीच आखायचा असतो.

पॅक घ्यावे की सिम?

चार-आठ दिवसांचा दौरा असेल तर आपल्याच कंपनीचे आंतरराष्ट्रीय रोमिंगचे पॅक मारणे सोयीचे. नंबर तोच राहतो, काही बदलावे लागत नाही. पॅक घेताना तीन गोष्टी विचारून घ्या. आपण जाणार ते सर्व देश यादीत आहेत का, वाटेत विमान बदलतो तो देशही आहे का, आणि मुदत रिचार्ज मारल्यापासून मोजतात की तिथे फोन चालू केल्यापासून. नेहमीच्या रिचार्जची मुदतही परत येईपर्यंत पुरली पाहिजे.

मुलाकडे दोन-तीन महिने राहणार असाल तर तिकडचे सिम घेणे स्वस्त पडते. युरोपीय संघातल्या देशांत १५ जून २०१७ पासून असा नियम आहे, की एका देशात घेतलेले सिम संघाच्या दुसऱ्या देशात गेल्यावरही, वाजवी वापराच्या मर्यादेत, घरच्याच दराने चालावे. २०२२ मध्ये हा नियम २०३२ पर्यंत वाढवला आहे. पण स्वित्झर्लंड आणि ब्रिटन या संघात नाहीत. आपल्याकडचे पुष्कळ दौरे हॉलंड, फ्रान्स करून स्वित्झर्लंडला जातात. तिथे सिम चालेल का, हे आधीच विचारा.

तिसरा प्रकार ई-सिमचा. यात सिमची चकती नसते. कंपनीने पाठवलेला चौकटीचा कोड फोनने टिपला की नंबर फोनमध्येच बसतो. सगळ्या फोनना हे जमत नाही. फोनवर स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश ही बटणे दाबा. आलेल्या आकड्यांत ‘ईआयडी’ असे दिसले तर आपला फोन ई-सिमचा आहे. ते बसवायला नेट लागते, म्हणून घरीच बसवून जावे. एकदा बसवलेले मात्र पुसू नका, पुसलेले पुन्हा बसेलच असे नाही.

ज्यांच्या फोनमध्ये दोन सिमची सोय आहे त्यांनी पहिल्या जागी आपले सिम ठेवावे, त्याचे नेट बंद करावे आणि बँकेच्या संदेशापुरते ते जागे ठेवावे. नेट दुसऱ्या सिमवरून वापरावे. व्हॉट्सॲप जुन्याच नंबरावर चालू राहते. फक्त ‘नंबर बदला’ असे फोन विचारील तेव्हा ‘नको’ म्हणा. परदेशात रोमिंगवर येणाऱ्या साध्या फोनलाही पैसे पडतात. तेव्हा घरच्यांना व्हॉट्सॲपवरच फोन करायला सांगा.

नेट लागते किती?

पिकाला पाणी किती लागते आणि पाटाने किती वाया जाते, यातला फरक आपणांस ठाऊक आहे. नेटचेही तसेच. लिहिलेला संदेश म्हणजे ठिबकचा थेंब. नुसत्या आवाजाचे बोलणेही थोडक्यात भागते. चेहरा दाखवून तासभर बोललात तर काही शे एमबी जातात, म्हणजे पाट फोडल्यासारखेच. पाच दिवसांत मी नकाशा, संदेश आणि रोज एक फोन एवढे करून १ जीबीच्या आत राहिलो. व्हिडिओचे बोलणे हॉटेलच्या वाय-फायवर केले.

खरी नासाडी गळतीने होते. आपण फोन खिशात ठेवतो आणि तो आतल्या आत फोटो चढवतो, ॲप नवे करतो, व्हिडिओ उतरवून घेतो. सेटिंगमध्ये जाऊन ही कामे ‘फक्त वाय-फायवर’ अशी करून ठेवा. विमानात बसल्यावर फोन ‘विमान मोड’वर टाकाच. विमानातले आणि समुद्रातल्या जहाजावरचे नेटवर्क वेगळे असते. साध्या पॅकमध्ये ते सहसा बसत नाही आणि फार महाग पडते.

निघण्यापूर्वी करायची कामे

ज्या शहरात जाणार त्याचा नकाशा घरच्या नेटवर उतरवून ठेवा. नेट नसतानाही तो चालतो आणि आपण कुठे उभे आहोत ते निळ्या ठिपक्याने दाखवतो. तात्यांच्या फोनमध्ये तेवढा असता तरी ते हॉटेलवर परत गेले असते. भाषांतराच्या ॲपमध्ये तिकडची भाषाही अशीच उतरवून घेता येते. हॉटेलचे नाव आणि पत्ता यांचा फोटो फोनमध्ये ठेवा, आणि कागदावर लिहून खिशातही ठेवा. बॅटरी संपली तर कागदच उपयोगी पडतो. चार्जरला तिकडची पिन जोडण्याचा तुकडा बरोबर घ्या.

विमानतळावर फुकट वाय-फाय असते, ॲमस्टरडॅमच्या स्किफोल विमानतळावरही आहे. पोहोचल्याचा निरोप तिथूनच द्या. पण अशा चव्हाट्यावरच्या वाय-फायवर बँकेचा व्यवहार करू नका. दुबईत विमान बदलणार असाल तर घरी आधी सांगून ठेवा. तिकडे व्हॉट्सॲपच्या बोलण्यावर बंधने आहेत, लिहिलेला संदेश मात्र जातो. नाहीतर फोन लागला नाही म्हणून इकडे जीव टांगणीला. आणि संकटात ११२ हा नंबर ध्यानात ठेवा. आपल्याकडे तोच आहे आणि युरोपीय संघातही तोच.

घरचा व्यवहार अडू देऊ नका

आता सर्वांत महत्त्वाचे. आपल्याकडे खाते, गॅस, वीजबिल, सगळ्याला घरधन्याचाच नंबर जोडलेला असतो. तो फोन घेऊन परदेशी गेला की घरातल्या बाईच्या हाती तिजोरी असून किल्ली नसते. म्हणून जाण्यापूर्वी पंधरा दिवसांच्या खर्चाची रक्कम पत्नीच्या स्वतःच्या खात्यात टाका, आणि त्या खात्याला तिचाच नंबर जोडलेला आहे ना, ते बँकेत जाऊन पाहा. तिचे खाते नसेल तर ते उघडणे हे व्हिसाइतकेच जरूरीचे समजा. आपले कार्ड परदेशात चालावे म्हणून ती सोयही आधी चालू करून घ्यावी लागते. २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने नवी कार्डे फक्त देशातल्या वापरासाठी चालू करून देण्याचा नियम आणला आहे.

बोलण्याची वेळही ठरवून जा. हॉलंडचे घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. आपल्याकडचे रात्रीचे ८ हे दोघांनाही सोयीचे. रोज तेवढे पाच मिनिटे बोलणे झाले की दिवसभर कोणी काळजी करत बसत नाही.

त्या दिवशी दुकानातच मी तात्यांना त्यांच्या फोनवर व्हॉट्सॲपचा फोन लावून दिला. तात्या घाईघाईने विचारू लागले, “बेदाणा किती भिजला? खालचा रॅक झाकला का?” पलीकडून वहिनी म्हणाल्या, “ते सगळं झाकलंय. तुम्ही सापडलात ना? मग झालं.”

तात्यांनी फोन ठेवला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. परत आल्यावर आठवड्याच्या आत त्यांनी वहिनींच्या नावे खाते उघडले. आपण मात्र ते निघण्यापूर्वीच करावे, एवढेच सांगणे.