बारा किलोमीटरची पोचपावती

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना डोंगर आणि दऱ्या आलटून पालटून येतात. इथे पाड्यापाड्यापर्यंत केबल पुरणं खर्चाचं काम, त्यामुळे एका टेकडीवरून दुसरीवर बिनतारी दुवा टाकावा हा विचार साहजिक आहे. पालघर जिल्ह्यातच आयआयटी मुंबईच्या प्रा. अभय करंदीकर यांच्या गटाने सात गावांत टीव्हीच्या रिकाम्या लहरी वापरून असा प्रयोग केला होता.

साधं वायफाय मात्र घराच्या अंतरासाठी आखलेलं. पाठवलेल्या प्रत्येक तुकड्याची पोचपावती ठरावीक वेळात आली नाही, तर यंत्र तो हरवला असं समजून पुन्हा पाठवतं. बारा किलोमीटर जाऊन परत यायला लहरीला ८० मायक्रोसेकंद लागतात. वाट पाहण्याची मुदत त्याहून कमी असेल, तर दुवा धडधाकट असूनही यंत्र तेच तेच पाठवत राहतं.

लिनक्सवर चालणाऱ्या यंत्रात ही मुदत कर्नलमधला, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातला, ड्रायव्हर सांभाळतो. अथेरॉस चिपांच्या 'एटीएच९के' ड्रायव्हरमध्ये लोरेन्झो बियांकोनी यांनी २०१४ मध्ये ती मुदत आपोआप मोजण्याची सोय घातली. पण असा बदल कर्नलमध्ये शिरतो कसा?

उघड्यावर, सगळ्यांसमोर. लिहिणारा आपल्या नावाची सही जोडून पॅच, म्हणजे कोडमधला प्रस्तावित बदल, पाठवतो. चूक दुरुस्त करायची असेल, तर ती कोणत्या जुन्या बदलाने आली तेही सांगतो. मग परीक्षक ओळ अन् ओळ वाचतात, आणि माझ्या मते या कामाचा कस लागतो तो इथेच. सगळं सुरळीत चालतं तेव्हा काय होतं, हे लिहिणाऱ्याने पाहिलेलंच असतं. परीक्षक विचारतो उरलेलं: मेमरी मिळाली नाही तर आधी घेतलेली सोडली का? तुकडे जात असतानाच कार्ड उपटलं तर? कुलूप हातात असताना हे फंक्शन झोपी तर जाणार नाही?

कर्नलच्या नेटवर्क विभागाचे नियम कडक आहेत. सुधारित पॅच २४ तासांच्या आत पुन्हा पाठवायचा नाही, म्हणजे जगाच्या दुसऱ्या टोकाच्या माणसालाही वाचायला सवड मिळते. एका मालिकेत पंधराहून अधिक पॅच नकोत. कर्नलच्या नव्या आवृत्तीसाठी सगळ्या विभागांचे तयार बदल गोळा होतात त्या दोन आठवड्यांत इथे नवी सोय स्वीकारलीच जात नाही. डेव्हिड मिलर यांनी वर्षानुवर्षं वाहिलेली या विभागाची जबाबदारी आता याकुब किचिन्स्की, पाओलो अबेनी आणि सहकारी पेलतात. बिनतारी भाग योहानेस बेर्ग पाहतात.

कोड बांधून पाहणं, ठरावीक चाचण्या घेणं ही कामं यंत्रं करतात. खरं हार्डवेअर, खरं अंतर, ओल्या झाडीतून क्षीण होत जाणारी लहर हे सगळं मात्र ज्याच्यासमोर आहे त्यालाच कळतं. परीक्षकांना या माहितीची फार गरज असते आणि ती फार थोडे लोक देतात, याची मला मनापासून हळहळ वाटते. त्यासाठी सी भाषेत पारंगत असायची अट नाही. जव्हारमधल्या एखाद्या विद्यार्थ्याने पॅच घालून दुवा चालवला आणि चिप कोणती, कर्नलची आवृत्ती कोणती, अंतर किती, बदलाआधी आणि नंतर वेग किती एवढं नीट लिहून पाठवलं, तर 'टेस्टेड-बाय' या ओळीत त्याचं नाव त्या बदलासोबत कर्नलच्या इतिहासात कायमचं नोंदवलं जाऊ शकतं.