बिदागी द्या, क्यूआरवर!

कीर्तन संपलं की बुवांच्या हातात बिदागी पडते. खुलताबादच्या उरुसात कव्वाली रंगली की लोक उठून कव्वालांसमोर नोटा ठेवतात. १४ जानेवारीला, नामविस्तार दिनी, विद्यापीठ गेटवरून परतणाऱ्यांच्या पिशवीत पुस्तकांसोबत भीमगीतांची एखादी सीडी असायची. गाणं आवडलं की खिशात हात घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत.

आणि आपण? स्टोरीला गाणं लावतो, हार्ट टाकतो, पुढे स्क्रोल!

तुमचे पैसे जातात कुठे?

‘पण मी प्रीमियम घेतलंय ना!’ असं म्हणाल. तर गणित समजून घ्या. स्पॉटिफायसारख्या ॲपवर सगळ्यांचे पैसे एकाच गल्ल्यात जमा होतात. मग देशात कुणाची गाणी एकूण किती वाजली, त्या प्रमाणात वाटणी होते. म्हणजे तुम्ही महिनाभर फक्त आपल्या शहरातला एखादा रॅपर ऐकलात, तरी तुमच्या पैशांतला मोठा वाटा जातो तो टॉपच्या गाण्यांना. शिवाय २०२४ पासून स्पॉटिफायचा नियम असा, की मागच्या १२ महिन्यांत गाणं १००० वेळाही वाजलं नसेल, तर त्याची रॉयल्टी शून्य.

आता युवक महोत्सव गाजवणारा तुमच्या वर्गातला गायक आठवा. त्याने पदरचे पैसे घालून स्टुडिओत एक गाणं केलं. ते ९०० वेळा वाजलं. दुसरं गाणं तो कशाच्या जोरावर करणार?

थेट विकत घ्या

यावर जगभरात एक साधा उपाय चालतो. कलाकाराकडून गाणं थेट विकत घ्यायचं. २००८ मध्ये सुरू झालेली बँडकॅम्प ही साइट डिजिटल विक्रीवर साधारण १५ टक्के कमिशन घेते. पेमेंटचा खर्च वजा जाता बाकीचे पैसे कलाकाराचे किंवा त्याच्या लेबलचे. कोरोनात कार्यक्रम बंद पडले, तेव्हा २० मार्च २०२० या एका दिवसासाठी साइटने स्वतःचं कमिशन सोडलं. त्या दिवशी चाहत्यांनी ४३ लाख डॉलरची खरेदी केली!

आपल्याकडे मात्र एक अडचण आहे. बँडकॅम्पचा बराचसा व्यवहार पेपालवर चालतो आणि पेपालने १ एप्रिल २०२१ पासून भारतातल्या भारतातले व्यवहार बंद केले. त्यामुळे इथल्याच कलाकाराचं गाणं घेताना पेमेंट अडकू शकतं. पण चहाच्या टपरीवरसुद्धा चालणारं यूपीआय आहे की आपल्याकडे! बाहेरच्यांना हेवा वाटावा अशी सोय आहे ती.

मग करायचं काय?

- गाणं आवडलं तर कलाकाराला मेसेज करा: ‘फाइल विकत मिळेल का? कितीला?’
- पैसे पाठवण्याआधी यूपीआय आयडी त्याच्याच अधिकृत पेजवरून तपासा. फॉरवर्ड होऊन आलेला क्यूआर स्कॅन करू नका.
- कॉलेजच्या कार्यक्रमात बँड बोलावताय? ‘एक्स्पोजर मिळेल’ हे मानधन नव्हे. आयोजक असाल तर स्टेजजवळ बँडचा क्यूआर लावा.
- तुम्ही स्वतः गाता? मग बायोमध्ये किंमत आणि पैसे कसे द्यायचे ते लिहा. लाजू नका.

विकत घेतलेली फाइल तुमच्याकडे राहते, हा आणखी एक फायदा. मार्च २०२३ मध्ये करार संपला आणि झी म्युझिकची गाणी स्पॉटिफायवरून गायब झाली, तेव्हा अनेकांच्या प्लेलिस्ट रिकाम्या दिसू लागल्या होत्या.

ॲप बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. नवीन गाणी सापडतात ती तिथेच. पण ज्याचं गाणं लूपवर ऐकताय, त्याला या महिन्यात एका वडापाव-चहाइतके पैसे थेट पाठवून बघा. सोबत दोन ओळी लिहा, कुठलं गाणं आवडलं ते. पुढचं गाणं रेकॉर्ड करायला त्याला तेवढाच आधार.