सयामी जुळी : वेगळे करण्याचा निर्णय कशावर ठरतो?

एकाच फलित बीजांडाचे दोन भाग होऊन एकसारखी जुळी जन्मतात, हे तुम्हाला माहीत आहे. हे विभाजन फार उशिरा सुरू झाले आणि अपुरे राहिले, तर बाळे एकमेकांना जोडलेलीच राहतात, असे प्रचलित स्पष्टीकरण आहे. अशा बाळांना सयामी जुळी म्हणतात. सयाम, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये १८११ साली जन्मलेल्या चँग आणि एंग या भावांवरून हे नाव पडले.

यकृत सामाईक असेल तर

चँग आणि एंग छातीच्या खालच्या बाजूला एका पट्ट्याने जोडलेले होते. ते अमेरिकेत शेती करू लागले, दोन सख्ख्या बहिणींशी त्यांनी लग्ने केली आणि दोघांना मिळून २१ मुले झाली. १८७४ मध्ये काही तासांच्या अंतराने दोघे वारले. शवविच्छेदनात त्यांची यकृते जोडलेली आढळली. यकृताचा कापलेला भाग पुन्हा वाढतो. त्यामुळे अशी जुळी आज बहुधा वेगळी करता येतात.

डोके जोडलेले असेल तर

इराणच्या लादान आणि लालेह बिजानी या बहिणींची डोकी जोडलेली होती. दोघींचे मेंदू वेगळे होते. पण मेंदूतील रक्त परत नेणारी मुख्य शीर एकच होती. दोघी कायदा शिकल्या. एकीला वकील व्हायचे होते, दुसरीला पत्रकार. जर्मनीतील डॉक्टरांनी धोका पाहून नकार दिला होता. तरीही वयाच्या २९व्या वर्षी, धोका जाणून, त्यांनी संमती दिली. जुलै २००३ मध्ये सिंगापूरला शस्त्रक्रिया झाली आणि रक्तस्रावाने दोघी दगावल्या.

२०१७ मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये ओडिशातील दोन लहान भावांची डोकी वेगळी केली, ती दोन टप्प्यांत. ऑगस्टमध्ये रक्ताला पर्यायी वाट करून दिली आणि ऑक्टोबरमध्ये मुले वेगळी केली. दोघे वाचले, मात्र त्यांपैकी एक २०२० मध्ये वारला.

म्हणजेच, शरीरे कुठे जोडली आहेत यापेक्षा आत काय सामाईक आहे, हे निर्णायक ठरते.

विचार करा : बिजानी बहिणींनी स्वतः निर्णय घेतला. दोन वर्षांच्या मुलांच्या वतीने तो कोणी घ्यावा? आणि एकाला हवे, दुसऱ्याला नको, असे झाले तर?