रात्री अकराचा जुगाड आणि लायब्ररीचं व्हर्जन

आजचा भाग माझ्याच एका चुकीवरून सुचला, तर तिथूनच सुरू करतो.

आमचा एक सर्व्हर उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर नेला. अपग्रेड नीट झालं, पण आम्हीच पूर्वी बिल्ड केलेली एक सर्व्हिस चालू होईना. एरर काय, तर 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.१' ही फाइल सापडत नाही. २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३.० आलं आणि १.१ गेलं, म्हणून. रात्रीचे अकरा वाजलेले. मी जुन्या रिलीजचं डेब पॅकेज शोधलं, टाकलं, सर्व्हिस सुरू. झोपलो.

आता बघा, त्या फाइलच्या नावातला १.१ म्हणजे नुसता व्हर्जन नंबर नाही. त्या पूर्ण नावाला 'एसओनेम' म्हणतात. तो लायब्ररीने दिलेला शब्द असतो: हे नाव आहे तोवर जुने प्रोग्राम पुन्हा बिल्ड न करता चालतील. तो शब्द मोडायची वेळ आली की नाव बदलायचं. डेबियन-उबुंटूमध्ये मग पॅकेजचं नावही बदलतं. लिबएसएसएल१.१ जाऊन लिबएसएसएल३ येतं.

नावं वेगळी, म्हणजे दोन्ही शेजारी शेजारी राहू शकतात. मग डिस्ट्रिब्युशन दोन्ही कायम का ठेवत नाही?

उत्तरासाठी २०१४ मधलं हार्टब्लीड आठवा. ओपनएसएसएलमधल्या त्या चुकीमुळे सर्व्हरच्या मेमरीतला मजकूर बाहेर वाचता येत होता. डेबियनने लायब्ररीचं पॅकेज दुरुस्त केलं. ते घेऊन सर्व्हिसेस रीस्टार्ट केल्या की झालं, प्रत्येक प्रोग्राम वेगळा बिल्ड करायची गरज नव्हती. गंमत म्हणजे डेबियन स्टेबलवर व्हर्जन नंतरही १.०.१ई असंच दिसत होतं, कारण त्यांनी नवं व्हर्जन न घेता फक्त दुरुस्ती जुन्या कोडमध्ये आणली.

एका जागी दुरुस्ती, सगळ्यांना फायदा. पण हे जमायला सगळे एकाच लायब्ररीवर हवेत. म्हणून एसओनेम बदललं की तिच्यावर अवलंबून असलेली पॅकेजेस पुन्हा बिल्ड करून एकत्र पुढे न्यायची. डेबियनमध्ये याला 'ट्रान्झिशन' म्हणतात. त्यात एखादं पॅकेज अडलं की अख्खी वरात खोळंबते.

मी त्या रात्री नेमका या वरातीतून बाहेर पडलो होतो. काही महिन्यांनी सिक्युरिटी रिव्ह्यूमध्ये एका सहकारी मैत्रिणीने विचारलं, "अरे, ही लायब्ररी अपडेट कोण करतंय?"

कोणीच नाही! २२.०४ च्या रिपॉझिटरीत ते पॅकेजच नाही, त्यामुळे आप्ट अपग्रेड त्याला हात लावत नव्हतं. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत सपोर्टही सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. आणि आमच्या ग्राहकांचं लॉगिन त्याच सर्व्हिसमधून जात होतं. पोटात गोळा आला.

उपाय साधा निघाला. सोर्स आमचाच होता. तो २२.०४ वर पुन्हा बिल्ड केला. जुन्या फंक्शनबद्दल वॉर्निंग आल्या, पण बिल्ड झाला. मग जुनी लायब्ररी काढून टाकली. एका दुपारचं काम, जे मी महिनोन्‌महिने टाळलं होतं.

तुम्हीही आज आपल्या मशीनवर 'आप्ट लिस्ट' इन्स्टॉल्ड ऑप्शन लावून चालवा. ज्या ओळीत 'लोकल' लिहिलेलं दिसेल, ते पॅकेज सध्याच्या कुठल्याच रिपॉझिटरीत नाही. त्याची काळजी कोण घेतंय, एवढं विचारा. उत्तर 'कोणीच नाही' असेल, तर ते काम तुमचं.

भेटू पुढच्या भागात!