संगणक प्रकल्प आणि कार्यपद्धतींची परिपक्वता

शासनाच्या कारभारात संगणकाचा उपयोग आता गावपातळीपर्यंत पोहोचला आहे. सातबारा उतारा, खरेदीखताची नोंदणी, शाळेतील विद्यार्थ्यांची माहिती अशी अनेक कामे संगणकाच्या साहाय्याने होतात. असे कोणतेही काम सुरू करताना प्रथम त्याचा प्रकल्प आखला जातो. काम कोणते, खर्च किती, मुदत कोणती आणि जबाबदारी कोणाची हे निश्चित करून ते तडीस नेणे म्हणजे प्रकल्प व्यवस्थापन होय. तथापि, प्रकल्प मुदतीत पूर्ण झाला एवढ्यावरून लोकांची सोय झाली असे मानता येत नाही.

धरणाचा बांध वेळेवर उभा राहिला, परंतु पाटचाऱ्यांची निगा, पाण्याच्या पाळ्या आणि फूटतुटीची दुरुस्ती यांची घडी बसली नाही, तर पाटाच्या शेवटी असलेल्या शेतापर्यंत पाणी पोहोचत नाही. संगणक प्रकल्पाचेही तसेच आहे. त्याचे यश त्याच्या आजूबाजूच्या इतर कार्यपद्धती किती परिपक्व आहेत यावर अवलंबून असते. हा संबंध समजून घेण्यासाठी हैदराबाद येथून राबविण्यात आलेल्या दोन प्रकल्पांचा अनुभव उपयोगी पडेल.

दस्त नोंदणीचे संगणकीकरण

हैदराबाद ही आंध्र प्रदेशाची राजधानी असताना त्या राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाने 'कार्ड' या नावाने ओळखला जाणारा प्रकल्प हाती घेतला. ४ नोव्हेंबर १९९८ रोजी २१४ दुय्यम निबंधक कार्यालयांत या पद्धतीचा आरंभ झाला. त्यापूर्वी मालमत्तेचे मूल्य दरांच्या नोंदवह्या चाळून काढावे लागे, दस्त हाताने उतरवून घेतले जात आणि मालमत्तेवर बोजा आहे किंवा नाही याचा दाखला देण्यासाठी अनेक वर्षांच्या वह्या शोधाव्या लागत. संगणकामुळे मूल्यनिर्धारण आणि बोजाचा शोध ही कामे काही मिनिटांत होऊ लागली.

हे केवळ यंत्रे बसवून साधले नाही. जुन्या नोंदी संगणकात भरून घ्याव्या लागल्या, कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्यावे लागले आणि संगणकातील अभिलेखास मान्यता मिळावी म्हणून नोंदणी कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करावी लागली. यांपैकी एकही काम मागे पडले असते, तर प्रकल्पाचे वेळापत्रक कितीही काटेकोर असले तरी ते कागदावरच राहिले असते.

या प्रकल्पाची दुसरी बाजूही ध्यानात घेण्याजोगी आहे. जोनाथन केसली या अभ्यासकाने २००४ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' या नियतकालिकात या प्रकल्पाची चिकित्सा केली. संगणक आल्यावरही गैरव्यवहारास आळा बसला नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. यंत्र नवे आले तरी खिडकीवरील व्यवहाराची रीत आपोआप बदलत नाही, हा त्यातून घ्यावयाचा बोध आहे.

परिपक्वतेच्या पाच पायऱ्या

कार्यपद्धतीची परिपक्वता मोजण्याचा एक सर्वमान्य आराखडा अमेरिकेत तयार झाला. तेथील कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८४ साली स्थापन झालेल्या सॉफ्टवेअर अभियांत्रिकी संस्थेने वॉट्स हम्फ्री यांच्या विचारांच्या आधारे तो १९९१ साली प्रसिद्ध केला. त्यात पाच पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर काम एखाद्या कर्तबगार व्यक्तीच्या भरवशावर चालते. दुसऱ्या पायरीवर एकदा साधलेले यश पुन्हा साधता येते. तिसऱ्या पायरीवर पद्धती लेखी व सर्व संस्थेसाठी समान होतात. चौथ्या पायरीवर कामाची मोजणी करून नियंत्रण ठेवले जाते आणि पाचव्या पायरीवर सुधारणा हा नित्यक्रम बनतो.

प्रकल्प व्यवस्थापनाचे स्थान मुख्यतः दुसऱ्या पायरीवर आहे. परंतु तेथे ते एकटे नाही. गरजांची निश्चिती, पुरवठादारांच्या कामावर देखरेख, गुणवत्तेची तपासणी आणि प्रत्येक बदलाची नोंद ठेवणे ही कामेही त्याच पायरीवर आहेत. गरजा निश्चित नसतील तर उत्तम वेळापत्रकही चुकीच्या कामाचे वेळापत्रक ठरते. तसेच तिसरी पायरी गाठल्याशिवाय एका प्रकल्पातील अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही. अधिकाऱ्याची बदली झाली की त्याच्याबरोबर अनुभवही निघून जातो.

हैदराबादसह भारतातील अनेक संगणक कंपन्यांनी पुढे या आराखड्यातील पाचव्या पायरीचे मूल्यांकन मिळविले. मात्र पुरवठादार पाचव्या पायरीवर असला म्हणून काम सोपविणारा विभाग त्या पायरीवर जात नाही. गरजा सांगणे, काम तपासून घेणे आणि पुढे ते चालविणे ही जबाबदारी विभागाचीच राहते.

प्रकल्पानंतरचे काम

प्रकल्पाला शेवट असतो, सेवेला नसतो. सेवेच्या या कामांची मांडणी ब्रिटिश शासनाच्या एका संस्थेने १९८० च्या दशकात सुरू केली. तीनुसार बिघाड दूर करणे आणि बिघाडाचे मूळ शोधणे ही दोन निराळी कामे आहेत. एखाद्या कार्यालयातील यंत्र दर आठवड्याला बंद पडत असेल, तर ते पुन्हा सुरू करून देणे हे पहिले काम आणि ते का बंद पडते याचा छडा लावणे हे दुसरे. बदलाची पद्धत हे तिसरे. मालमत्तेचे दर बदलले की ते कोणाच्या मंजुरीने, कोणत्या दिवसापासून आणि कोणत्या तपासणीनंतर संगणकात भरावयाचे, हे आधी ठरलेले असावे लागते.

दुरुस्तीची वाट नसेल तर काय होते, हे तेलंगणाच्या 'धरणी' प्रणालीवरून दिसून येते. शेतजमिनीच्या नोंदी व हस्तांतरण यांसाठी ही प्रणाली २९ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झाली. एकाच ठिकाणी नोंदणी व फेरफार होण्याची सोय तीत होती. परंतु मूळ नोंदीतील नावाची किंवा क्षेत्राची चूक दुरुस्त करून घेण्याचे मार्ग अपुरे असल्याच्या तक्रारी शेतकऱ्यांकडून झाल्या आणि अनेकांपुढे दिवाणी न्यायालयाखेरीज मार्ग उरला नाही. पुढे प्रणालीत सुधारणा करण्यात आल्या. अखेर २०२५ साली राज्य शासनाने 'भू भारती' कायदा अमलात आणून नोंदींची दुरुस्ती व अपील यांची तरतूद केली. प्रणाली उभारणे हे प्रकल्पाचे काम होते. चूक सुधारण्याची रीत ही कारभाराच्या परिपक्वतेची बाब होती आणि तिच्या अभावाची झळ ज्याची जमीन होती त्यालाच लागली.

लक्षात ठेवावयाच्या गोष्टी

नवा प्रकल्प हाती घेताना अधिकाऱ्यांनी मुदत व खर्च यांबरोबरच चार प्रश्नांची उत्तरे लेखी घ्यावीत. जुन्या नोंदी कोण तपासणार ? नियम बदलल्यास प्रणालीत बदल कोण करणार ? बिघाडाची तक्रार कोठे नोंदविली जाणार ? आणि चुकीची नोंद किती दिवसांत दुरुस्त होणार ? शिक्षकांनी विद्यार्थ्याचे नाव व जन्मतारीख संगणकात भरताना शाळेच्या मूळ नोंदवहीशी पडताळून पाहावी, कारण तेथील चूक पुढे प्रत्येक दाखल्यावर उतरते. ग्रामस्थांनी उतारा अथवा दस्ताची प्रत हाती येताच नाव, गट क्रमांक व क्षेत्र तपासावे, चूक आढळल्यास लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच जपून ठेवावी. अशा अर्जांची नोंद ठेवून त्यांतून वारंवार होणाऱ्या चुकांचे मूळ शोधणारा विभागच परिपक्वतेची पुढची पायरी चढू शकतो.