कॉम्प्युटर आपला, किल्ली कुणाच्या हातात?

मागच्या महिन्यात एका रविवारी माझा जुना विद्यार्थी घरी आला. दहावीनंतर त्याने आयटीआय केले. आता तो सोलापूर-पुणे रस्त्यावरच्या चिंचोळी एमआयडीसीत एका छोट्या इंजिनिअरिंग वर्कशॉपमध्ये कामाला आहे. लेथचे काम करतो आणि ऑफिसातले चार कॉम्प्युटरही तोच सांभाळतो. चहा यायच्या आधीच त्याने विषय काढला, "सर, चारों कंप्यूटर भंगार में देना पड़ता बोल रहे. सच्ची है क्या?"

झाले होते असे. कॉम्प्युटर विकणाऱ्या माणसाने मालकांना सांगितले की विंडोज १० बंद झाले, नवीन विंडोज या जुन्या मशीनवर चालत नाही, तेव्हा चारही बदलून टाका. चार नवीन मशीन म्हणजे दीड लाखाच्या वरचा खर्च. वर्कशॉप लहान. एवढा खर्च निघाला की यंदाची पगारवाढ पुढे ढकलली जाणार, हे त्या पोराला बरोबर कळत होते. म्हणून तो विचारायला आला होता.

हाच प्रश्न सध्या आपल्या अनेक घरांत, दुकानांत आणि शाळांत आहे. म्हणून जरा नीट समजून घेऊ.

नेमके बंद काय झाले?

वर्कशॉपमध्ये जसा मुकादम असतो, तशी कॉम्प्युटरमध्ये ऑपरेटिंग सिस्टीम असते. कीबोर्ड, पडदा, प्रिंटर, फाइली, वेगवेगळे प्रोग्राम या सगळ्यांना काम वाटून देणारी तीच. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी हा मुकादम म्हणजे मायक्रोसॉफ्ट कंपनीचे विंडोज.

विंडोज १० ला सुरक्षेच्या मोफत दुरुस्त्या पुरवणे कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवले. त्या दिवशी कोणाचा कॉम्प्युटर बंद पडला नाही, आजही तो चालू होतो. पण त्यात नवी फट सापडली तर ती बुजवायला आता कोणी येणार नाही. घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडावे लागते. विंडोज ११ घ्यावे म्हटले तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. साधारण २०१८ च्या आधीची बहुतेक मशीन त्यात बसत नाहीत.

म्हणजे मशीन चांगले आहे, वीज आहे, काम होते आहे, पण हजारो मैलांवरच्या एका कंपनीने ठरवले की आता हे जुने झाले. आपण पैसे मोजून मशीन घेतले, पण किल्ली आपल्याकडे नव्हती.

मसाल्याचे पाकीट आणि रेसिपी

बिर्याणी मसाल्याचे तयार पाकीट आणले तर बिर्याणी होते. पण आत काय किती घातले आहे, हे आपल्याला कळत नाही. कंपनीने उद्या ते पाकीट बंद केले तर आपण हात चोळत बसतो. उलट आपाने किंवा खालाने रेसिपी लिहून दिली, तिखट कमी-जास्त करायची आणि शेजारणीला द्यायची मुभाही दिली, तर कोणतेही दुकान बंद झाल्याने आपली चूल अडत नाही.

ओपन सोर्स म्हणजे अशी रेसिपी उघडी ठेवलेले सॉफ्टवेअर. ते कोणीही वाचावे, वापरावे, बदलावे आणि पुढे वाटावे. अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये या विचारातून ग्नू प्रकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहून सर्वांसाठी खुला केला. उबुंटू, लिनक्स मिंट ही त्याच्यावर उभी राहिलेली नावे. आपल्या खिशातला अँड्रॉइड फोनही लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो. जगातल्या सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादीतले सगळे २०१७ पासून लिनक्सवर आहेत. तेव्हा "ते फुकटचे आहे, म्हणजे हलके असणार" हा समज मनातून काढून टाकावा.

इथे एक अवघड गोष्ट बोलायला हवी. आपल्याकडे अनेक घरांत आणि दुकानांत विंडोज आणि ऑफिस चोरीचे असते. शंभर-दोनशे रुपयांत "टाकून" मिळते. आपण मुलांना हलाल-हरामचा फरक शिकवतो आणि अभ्यासाला त्याच चोरीच्या प्रोग्रामवर बसवतो. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने १९८८ च्या कुवेत अधिवेशनात लेखन आणि शोधांवरचे हक्क शरीअतनुसार संरक्षित मानले आहेत. काही उलेमांचे मत वेगळे आहे, पण कायद्याने तो गुन्हा आहेच. खुल्या सॉफ्टवेअरमध्ये हा पेचच राहत नाही. तिथे कॉपी करून देणे हे नेकीचे काम ठरते.

यात राजकारण कुठे आले?

जुलै २०२५ मधली गोष्ट. गुजरातमध्ये वाडीनारला मोठी रिफायनरी चालवणाऱ्या नायरा एनर्जी या कंपनीच्या मायक्रोसॉफ्ट सेवा अचानक थांबल्या. कारण भारतातले नव्हते. नायरात रशियाच्या रोसनेफ्टचा सुमारे ४९ टक्के हिस्सा आहे आणि युरोपीय संघाने रशियावर नवे निर्बंध लादले होते. कंपनीने पैसे भरलेले होते, भारताचा कोणताही कायदा मोडला नव्हता. तिला दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले आणि मग काही दिवसांत सेवा पुन्हा सुरू झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत, तर चिंचोळीतल्या दहा माणसांच्या वर्कशॉपने कुठल्या कोर्टात जायचे?

भारत सरकारला हा धोका माहीत नाही असे नाही. केंद्राने २०१५ मध्ये धोरण जाहीर केले की ई-गव्हर्नन्सच्या कामात ओपन सोर्सला पहिली पसंती द्यायची आणि पुरवठादाराने ते वगळले तर कारण द्यायचे. सी-डॅक या सरकारी संस्थेने तर २००७ मध्येच बॉस नावाची लिनक्सवर आधारलेली भारतीय ऑपरेटिंग सिस्टीम काढली. सी-डॅकचे मुख्यालय आपल्या पुण्यात. संरक्षण मंत्रालयाने २०२३ मध्ये उबुंटूवर आधारलेली 'माया' ही सिस्टीम आपल्या कॉम्प्युटरवर बसवायला घेतली.

पण २०१५ च्या धोरणात एक गोम आहे. ते केंद्राच्या कार्यालयांना लागू आहे आणि राज्यांपैकी जे स्वतःहून स्वीकारतील त्यांना. म्हणजे आपल्या शाळेत काय शिकवायचे, हा निर्णय राज्याच्या राजकारणात होतो.

केरळने तो कसा घेतला ते पाहा. तिथे आयटी अॅट स्कूल हा कार्यक्रम २००१ च्या सुमारास सुरू झाला. सुरुवातीला तिथेही विंडोजच होते. शिक्षक आणि कार्यकर्त्यांनी विचारले की सरकारी पैशाने एकाच कंपनीची सवय मुलांना का लावायची? काही वर्षांत शाळा लिनक्सवर गेल्या. मधल्या काळात डावी आघाडी आली, काँग्रेसची आघाडी आली, पण धोरण मागे फिरले नाही. आज तिथली मुले भूमितीसाठी जिओजेब्रा आणि चित्रांसाठी गिंप वापरतात. हे सगळे खुले आहे, घरच्या कॉम्प्युटरवरही फुकट टाकता येते. शिक्षकांना आधी प्रशिक्षण दिले, हे त्यांच्या यशाचे खरे कारण मला वाटते.

आपल्या महाराष्ट्रात २००१ पासून एमएस-सीआयटी आहे. सरकारी नोकरीसाठी हा किंवा याच्या बरोबरीचा कोर्स लागतो, म्हणून लाखो मुलामुलींनी केला. त्याने खेड्यापाड्यात कॉम्प्युटर पोहोचवला, हे मान्य करायलाच हवे. यातले 'एमएस' म्हणजे महाराष्ट्र स्टेट. पण मी वर्गात विचारतो तेव्हा निम्मी मुले "मायक्रोसॉफ्ट" म्हणतात. त्यात त्यांची चूक नाही. शिकताना त्यांना विंडोज आणि एमएस ऑफिसच दिसते. मुलगा जे शिकतो तेच नोकरीत मागतो आणि मालक तेच विकत घेतो. ही साखळी शाळेत सुरू होते.

आता स्वदेशीची हवा आहे. केंद्र सरकारचे सुमारे १२ लाख ईमेल खाते तमिळनाडूच्या झोहो कंपनीच्या व्यवस्थेवर गेले आहेत. शिक्षण मंत्रालयानेही ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या अधिकाऱ्यांना झोहोचे ऑफिस वापरायला सांगितले. भारतीय कंपनी पुढे येते, याचा आनंदच आहे. पण स्वदेशी आणि ओपन सोर्स या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झोहोच्या ऑफिसची रेसिपीही बंद पाकिटातच आहे. किल्ली अमेरिकेतून भारतात आली, पण आपल्या हातात आली नाही.

आपले लिखाणही कुलुपात

मी उर्दू आणि मराठी, दोन्ही भाषांत काम करतो. म्हणून हा भाग माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

उर्दूच्या प्रश्नपत्रिका, लग्नाच्या पत्रिका, अंजुमनचे अहवाल आपण वर्षानुवर्षे इनपेजमध्ये केले. नस्तालीक अक्षर सुंदर यायचे, ही त्याची मोठी खिदमत आहे. पण त्याची फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये सरळ उघडत नाही. मराठीतही तेच. शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले पत्र तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडा, नुसती आडवीतिडवी रोमन अक्षरे दिसतात. माझ्याकडे दहा-बारा वर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका आहेत. जुना कॉम्प्युटर गेला आणि त्या फाइली पेन ड्राइव्हमध्ये असूनही मला वाचता येईनात. स्वतः लिहिलेले स्वतःला वाचता येऊ नये, याचे दुःख मोठे असते.

यावर उपाय युनिकोड. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक आहे, म्हणून फोनवर लिहिलेले कोणत्याही कॉम्प्युटरवर वाचता येते. उर्दूसाठी नोटो नस्तालीक आणि मराठीसाठी मुंबईच्या एक टाइपने केलेला मुक्ता हे फॉन्ट खुले आणि मोफत आहेत. विंडोज ठेवा किंवा लिनक्स घ्या, लिखाण मात्र आजपासून युनिकोडमध्येच करा.

वर्कशॉपमध्ये काय झाले?

पुढच्या सुट्टीच्या दिवशी मी त्या मुलाबरोबर चिंचोळीला गेलो. लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर घेतले होते. ते आधी पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहता येते, मशीनमधले काही पुसले जात नाही. तीन कॉम्प्युटरवर काम ईमेल, स्टोअरची नोंद आणि ड्रॉइंगच्या पीडीएफ बघणे एवढेच होते. फाइलींची कॉपी काढून तिथे मिंट आणि लिब्रे ऑफिस बसवले. चौथ्यावर हिशेबाची टॅली होती. टॅली लिनक्सवर थेट चालत नाही, म्हणून तेवढे एक मशीन नवीन घ्यायचे ठरले. सीएनसीला जोडलेल्या कॉम्प्युटरला आम्ही हातच लावला नाही. ते मशीन बनवणाऱ्याला विचारल्याशिवाय करू नये.

अडचणीही आल्या. जुना प्रिंटर दोन तास दमवत होता. एका ताईंना मेनू सापडेना, त्या वैतागल्या. आठवड्याने सवय झाली. सगळ्यांनी सगळे बदलावे असे मी म्हणणार नाही. जर्मनीच्या म्युनिक शहराने २००३ मध्ये लिनक्सचा निर्णय घेतला, हजारो मशीन बदलली आणि २०१७ मध्ये पुन्हा विंडोजकडे जायचे ठरवले. त्याच देशातल्या श्लेसविग-होलस्टाइन राज्याने २०२४ मध्ये ३०,००० सरकारी कॉम्प्युटर लिब्रे ऑफिसवर न्यायचे ठरवले. प्रशिक्षण आणि पाठिंबा नसेल तर चांगला निर्णयही टिकत नाही.

आपण काय करू शकतो?

घरी जुना लॅपटॉप असेल तर भंगारात देण्याआधी पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहा. अकरावी-बारावीच्या मुलीच्या अभ्यासाला तो अजून तीन-चार वर्षे सहज पुरेल.

आणि शाळेत बोला. शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनेक अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती आहे आणि तिच्यात बहुसंख्य पालकच असतात. पुढच्या बैठकीत तीन प्रश्न विचारा. शाळेच्या कॉम्प्युटरमधले सॉफ्टवेअर कायदेशीर आहे का? नवीन खरेदीआधी जुन्या मशीनवर लिनक्स चालवून पाहिले का? शाळेच्या फाइली युनिकोडमध्ये ठेवल्या जातात का? मतदानाच्या वेळी उमेदवार रस्ते आणि नळाचे पाणी सांगतात. त्यांना हेही विचारा की केंद्राचे २०१५ चे धोरण महाराष्ट्राच्या शाळांत कधी येणार.

त्या मुलाचा परवा फोन आला होता. तीन मशीनचे पैसे वाचले, पगारवाढीचे बोलणे पुन्हा सुरू झाले आहे. शेवटी म्हणाला, "सर, वो पेन ड्राइव मेरे कनेच रहने दो. बाजू के शेडवाले पूछ रहे." मी म्हटले, ठेव. ते वाटण्यासाठीच आहे.