काटा शेवटी येतो

सकाळी साडेआठ. दिघीतून भोसरी-चाकणकडे निघालेल्या कंपन्यांच्या बसची रांग अजून संपलेली नाही. शटर वर गेलं की आधी कंप्रेसर, मग चहा. उद्या गुरुवार, भोसरी एमआयडीसीची सुट्टी. म्हणजे हातातलं काम आजच उरकायचं.

काम म्हणजे पद्मिनी गाडीचे चार कनेक्टिंग रॉड, रात्रभर रॉकेलात भिजलेले. कुर्ल्याला बनलेलं, मुळात फियाटचं १०८९ सीसी इंजिन. ६८ मिमीचा बोअर, ७५ चा स्ट्रोक. मालकांनी फोनवर एकच विचारलं होतं, "किती ग्रॅममध्ये बॅलन्स करून द्याल?" सगळे हेच विचारतात.

नऊ. ब्रश मारून नंबर बघायचे. रॉड आणि त्याची कॅप एकत्र बोअर केलेली असते. इथे दोनची कॅप तीनला, तीनची दोनला. मागच्या कुणा मिस्त्रीची घाई. असं केलं की भोक गोल राहत नाही, आणि मग बेअरिंग खातं.

साडेनऊ. तड्याची तपासणी. लाल डाय मारायचा, थांबायचं, पुसायचा, वर पांढरा डेव्हलपर. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. बोल्टच्या बैठकीचा कोपरा मी दोनदा बघतो. तडकलेला रॉड वेल्डिंग करून मागणारेही येतात. त्यांना चहा पाजून परत पाठवतो. आज चारही स्वच्छ.

साडेदहा. अलायनरवर बाक आणि पीळ. चौथ्याला थोडा पीळ होता. तो काढला, तरी लोखंड परत फिरतं, म्हणून पुन्हा तपासला.

अकरा ते दीड. दिवसाचं खरं काम हे. कॅपा आपापल्या रॉडला लावल्या, पण आधी त्यांचे जुळणीचे पृष्ठभाग किंचित घासून घेतले. नवे बोल्ट, टॉर्क रेंचनं टप्प्याटप्प्यानं कसले. आता बिग एंडचं, म्हणजे क्रँककडच्या टोकाचं, भोक किंचित अंडाकृती झालेलं असतं. ते होनिंगवर मूळ मापाला गोल आणायचं. दोन रॉड जोडीनं धरले की भोक तिरकं जात नाही. चार फेऱ्या दगड, मग डायल गेज, तीन दिशांनी. भोक गरम असताना घेतलेलं माप खोटं, त्यामुळे थांबावं लागतं. ग्राहकाला हे थांबणं बिलात दिसत नाही. स्मॉल एंडची, म्हणजे पिस्टनकडच्या टोकाची, बुश नवी. तिच्यातून जाणारी पिस्टनची गजन पिन तेल लावून अंगठ्यानं सरकली पाहिजे, पण आपल्या वजनानं खाली पडता कामा नये.

दीडला डबा.

दोन. आता काटा. आधी वजन करून उपयोग नसतो. घासण्यात, होनिंगमध्ये, बोल्ट-बुश बदलण्यात ते फिरतंच. पंखा बंद, नाहीतर काट्यावरचे आकडे नाचतात. स्मॉल एंड जिगच्या बेअरिंगवर, बिग एंड काट्यावर, रॉड पातळीत, मग उलट. दोन्ही टोकांची बेरीज पूर्ण रॉडच्या वजनाएवढी यायला हवी. नाही आली तर जिग वाकडी. टोकं वेगवेगळी तोलायची, कारण बिग एंड क्रँकबरोबर फिरतो आणि स्मॉल एंड पिस्टनबरोबर वरखाली होतो. एका बिग एंडला १० ग्रॅम जास्त असले तर ४००० आरपीएमला पावणेसात किलोच्या आसपास ओढ बसते. सर्वांत हलकं टोक धरून बाकीचे उतरवायचे, कॅपच्या तळाच्या उंचवट्यावरून आणि स्मॉल एंडच्या माथ्यावरून. घासायचं लांबीच्या दिशेनं. आडवा ओरखडा राहिला की उद्याचा तडा तिथूनच.

साडेचार. मालक आले. "मिस्त्री, आता इंजिन थरथरणार नाही ना?"

"थरथरेल, साहेब. कमी."

चार सिलिंडर एका रांगेत असले की दोन पिस्टन वर, दोन खाली. वजनं सारखी असली तर मुख्य धक्के एकमेकांना मारतात. पण क्रँकच्या दुप्पट वेगानं येणारा दुय्यम धक्का उरतोच. तो कुठल्याच काट्यानं जात नाही. त्याला वेगळे बॅलन्स शाफ्ट लागतात आणि फियाटला ते नाहीत. साहेब थोडे हिरमुसले. चार रॉड एका ग्रॅमच्या आत आलेत, पण माझ्या लेखी या इंजिनाला आयुष्य दिलं ते दुपारच्या गोल भोकांनी.

सहा. तेलाचा हात, नंबरची चिठ्ठी, प्लास्टिकची पिशवी, शटर.

आणि तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर एवढं करा : रॉड पाठवताना प्रत्येक कॅप तिच्याच रॉडला लावून, बोल्ट हातानं कसून पाठवा, आणि पिस्टन, पिना वेगळ्या ठेवू नका.